जर्मन कैदेतला कोकणी खलाशी: एका कुटुंबाने घेतलेल्या शोधाचं प्रकरण

या प्रकरणातली माणसं खरी आहेत, नावं बदललेली आहेत. गाव आणि वाडी मुद्दाम सांगितलेली नाही. जहाज, छावण्या, तारखा आणि दप्तरं मात्र आहेत तशी दिली आहेत, कारण असा शोध घेणाऱ्या दुसऱ्या घरांना उपयोग त्यांचाच होणार आहे.

पार्श्वभूमी

दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा ब्रिटिश व्यापारी जहाजांवरच्या खलाशांपैकी साधारण चौथा हिस्सा हिंदुस्थानी होता. त्यात रत्नागिरीची माणसं मोठ्या संख्येने होती. मुंबईत घाट सारंगाच्या, म्हणजे खलाशी भरती करणाऱ्या दलालाच्या, ओळखीने बोट मिळवायची, शिपिंग ऑफिसात करारावर अंगठा किंवा सही करायची आणि वर्ष-दीड वर्ष दर्यावर काढायचं. सारंग (मुकादम), टंडेल (त्याचा मदतनीस), कसाब (सामान सांभाळणारा), लास्कर (साधा खलाशी), भंडारी (स्वयंपाकी), टोपस (झाडूवाला) अशी डेकवरची उतरंड. पगार गोऱ्या खलाशाच्या मानाने फारच थोडा. १९३९ च्या शरदात याच पगारासाठी हिंदुस्थानी खलाशांनी ब्रिटिश बंदरांत संप केले आणि काहींना तुरुंगही पाहावा लागला. त्या युद्धात सुमारे ६,६०० हिंदुस्थानी व्यापारी खलाशी मेले आणि १,२१७ शत्रूच्या कैदेत गेले. कोकणातल्या वाड्यांतून या १,२१७ जणांच्या नावाने काहीही उभं असल्याचं ऐकिवात नव्हतं.

धाकू पांडू त्यांच्यापैकी एक, असं त्यांचा नातू म्हणत होता. नातू पंचावन्नच्या पुढचा, बँकेतून निवृत्त झालेला, डोंबिवलीत राहणारा. आजोबा १९७० च्या दशकात वारले तेव्हा तो लहान होता. गावी त्याची आत्या आहे, अठ्ठ्याऐंशी वर्षांची. धाकूंच्या मुलांपैकी आता ती एकटीच उरली आहे.

शोधाला निमित्त झालं गावाच्या कमानीचं. गावच्या मंडळाने देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर कमान उभारायला घेतली होती. तिच्या एका खांबावर धाकूंचं नाव कोरायचं ठरलं होतं, ‘आझाद हिंद सेनेचे सैनिक’ म्हणून. शिमग्याला उद्घाटन होतं. नातवाला अभिमान होता आणि थोडी धाकधूकही होती. आजोबा फौजेत होते याचा घरात कुठलाच कागद नव्हता. म्हणून त्याने शोधात माझी मदत घेतली.

घरात काय होतं

वस्तू एकच. घडीच्या पत्राचा एक तुकडा. घड्यांवर झिजून फाटलेल्या मूळ कागदातला पाठवणाऱ्याचा मजकूर असलेला भाग तेवढा उरला होता. कुणीतरी तो प्लायवूडवर चिकटवून वर लॅमिनेशन करून घेतलं होतं. त्यावर ‘क्रीग्सगेफांगेनेनपोस्ट’ हे छापील अक्षर, म्हणजे युद्धकैद्यांचं टपाल. त्याखाली हाताने लिहिलेलं नाव, ‘डी. पान्डू’. एक कैदी क्रमांक. आणि छावणी, ‘मार्लाग उंड मिलाग नोर्ड’. घरात समज असा होता की मिलाग नोर्ड हे आजोबांना पकडणाऱ्या जर्मन बोटीचं नाव.

बाकी सगळं तोंडी होतं आणि प्रत्येकाचं वेगळं. चुलतभाऊ म्हणत, आजोबांना जपान्यांनी रंगूनला धरलं. मंडळाचे अध्यक्ष म्हणत, जर्मनीत कैदी होते म्हणजे नेताजींच्या फौजेतच असणार. एक मावशी ठामपणे सांगे की त्यांची बोट बुडाली आणि ते पोहत किनाऱ्याला लागले. ही शेवटची आठवण दुसऱ्याच घटनेची होती. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली, सहाशेच्या वर माणसं गेली. कोकणातल्या किती घरांत बोटीची प्रत्येक जुनी गोष्ट शेवटी रामदासला जाऊन मिळते, ते असं काम करणाऱ्याला लवकरच कळतं.

अडचण

पहिली अडचण नावाची. लास्करांच्या यादीत आडनाव नसे. स्वतःचं नाव आणि बापाचं नाव, तेही इंग्रज कारकुनाच्या कानाला लागेल तसं. धाकूचं डाको, डाकू, ढाकू, दाको असं काहीही झालेलं असू शकतं. जन्मतारीख नाही, अंदाजे वय. गाव कधी लिहिलेलं, कधी नुसतं ‘रत्नागिरी’. त्या वेळचा रत्नागिरी जिल्हा आजच्या सिंधुदुर्गासकट होता, तो १९८१ साली विभागला गेला. म्हणजे ‘रत्नागिरीचा पांडूचा मुलगा’ एवढ्या खुणेवर शेकडो माणसं बसतात.

दुसरी अडचण दर्जाची, आणि बहुतेक शोध हिच्यामुळेच अडतात. व्यापारी खलाशी सैनिक नव्हते, त्यामुळे हिंदी लष्कराच्या कैद्यांच्या याद्यांत ते सापडत नाहीत. नेहमीच्या अर्थाने नजरकैदेतले नागरिकही ते नव्हते. जर्मनांनी त्यांना आरमाराच्या ताब्यातल्या छावणीत ठेवलं. मिलाग या नावात आरमार आणि नजरकैद हे दोन्ही शब्द दडलेले आहेत. बाजूचं मार्लाग हे आरमारी सैनिकांचं, मिलाग हे व्यापारी खलाशांचं. हे माहीत नसलेलं घर आधी लष्कराच्या दप्तराकडे पत्र पाठवतं, ‘नोंद आढळत नाही’ असं उत्तर येतं आणि सगळे गप्प बसतात. या घरात नातवाच्या वडिलांच्या बाबतीत १९९० च्या दशकात नेमकं हेच घडलं होतं.

तिसरी अडचण कमानीची. शिमगा जवळ येत होता आणि पाथरवटाला मजकूर हवा होता.

समोरचे पर्याय

चार वाटा होत्या.

एक, नावावरून शोध. लंडनच्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात बीटी ३७३ ही मालिका आहे. तिच्यात पकडलेल्या आणि बुडवलेल्या जहाजांच्या फायली आणि कैदेत गेलेल्या व्यापारी खलाशांचे कागद आहेत. सूची घरबसल्या चाळता येते. पण सूचीत नाव सापडायचं तर ते कारकुनाने कसं लिहिलं होतं ते आधी माहीत हवं.

दोन, छावणीवरून शोध. मिलाग सुरुवातीला झांडबोस्टेल इथल्या स्टालाग दहा-बी या मोठ्या छावणीच्या आवारात होतं. १९४१ च्या अखेरीपासून ते ब्रेमेनच्या ईशान्येला सुमारे ३० किलोमीटरवर वेस्टरटिम्के गावाजवळ हललं. झांडबोस्टेलला आज स्मारक आहे, तिथले लोक नातेवाइकांच्या पत्रांना उत्तर देतात. जर्मनीतल्याच बाड आरोल्सेनचं अभिलेखागारही ऑनलाइन शोधता येतं, पण त्याचा मुख्य भर नाझी छळाला बळी पडलेल्यांवर आहे.

तीन, जिनिव्हा. युद्धकैद्यांविषयीच्या १९२९ च्या जिनिव्हा करारानुसार कैद्यांची माहिती आंतरराष्ट्रीय रेड क्रॉसच्या केंद्रीय कचेरीकडे जायची. ती कार्डं आजही जपलेली आहेत. दुसऱ्या महायुद्धातल्या कैद्याबद्दल कुटुंबाला विचारणा करता येते, मात्र असे अर्ज वर्षातून ठरावीक वेळीच आणि मर्यादित संख्येत घेतले जातात. उत्तराला महिने लागतात.

चार, जहाजावरून शोध. माणसाचं नाव दहा प्रकारे लिहिलं जाईल, जहाजाचं एकाच प्रकारे. जहाज सापडलं की ते कधी, कुठे, कुणी पकडलं आणि खलाशी कुठल्या मार्गाने कुठे नेले, हे सगळं एका धाग्यात येतं. पण जहाजाचं नावच घरात कुणाला ठाऊक नव्हतं.

पहिला निर्णय: आत्या आधी, दप्तर नंतर

नातवाचा कल नावावरून शोधायचा होता, आणि ते समजण्यासारखं आहे. संगणकावर नाव टाकलं की काहीतरी समोर येतं. मी त्याला थांबवलं आणि गावी जाऊन आत्यांशी सविस्तर बोलायला सांगितलं. माझं मत या बाबतीत पक्कं आहे. अभिलेखागारं पुढच्या वर्षीही असतील, अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आत्यांचं तसं धरून चालता येत नाही.

त्यांना काय विचारायचं, यावर बराच विचार केला. ‘आजोबा कुठे कैदेत होते?’ असं विचारलं असतं तर घरात ऐकलेलंच उत्तर परत आलं असतं. म्हणून प्रश्न वस्तूंचे ठेवले. बोटीत काय भरलेलं होतं? थंडी होती की उकाडा? खायला काय मिळायचं? घरी पैसे कसे यायचे? पत्रं कोण वाचायचं?

आत्यांनी सांगितलं ते असं. बा सांगायचे की बोट आस्ट्रेलियाहून निघाली होती, गहू होता आणि लोकरीच्या गासड्या होत्या. रात्री दुसरी बोट आली, दिवे टाकले, तोफ उडवली. सगळ्यांना होड्यांतून त्या बोटीवर घेतलं. मग आणखी एका बोटीत घातलं आणि महिनोन्महिने दर्यावर फिरवलं, एवढी माणसं की पाय पसरायला जागा नाही. नाताळ त्या बोटीवरच गेला. पुढे आगगाडी, मग बर्फ. आणि छावणीत डाळ, आटा, तूप, मसाला यांचे डबे यायचे.

डाळ-आट्याची गोष्ट घरात कुणीच खरी मानली नव्हती. जर्मनांच्या कैदेत तूप कुठून आलं? पण ती खरी आहे. लंडनमध्ये इंडियन कम्फर्ट्स फंड नावाची संस्था होती. हिंदुस्थानी कैद्यांसाठी ती आटा, डाळ, तूप, मसाला भरून रेड क्रॉसची पार्सलं पाठवत असे आणि ती युरोपातल्या छावण्यांत पोचत. जपानी कैदेत अशी पार्सलं क्वचितच हाती लागत. वाडीतल्या म्हातारीला सांगता आलेल्या एवढ्या एका तपशिलाने रंगूनची कथा मागे पडली.

पैशांबद्दलही त्या नेमकं बोलल्या. मुंबईहून दर महिन्याला मनिऑर्डर यायची, कधी दोन-तीन महिने चुकायची. १९४१ साली हिंदुस्थानी खलाशांसाठी युद्धातलं निवृत्तिवेतन आणि शत्रूच्या कैदेत असलेल्यांसाठीचा अटक-भत्ता देणारी सरकारी योजना आली होती. मनिऑर्डरीची आठवण तिच्याशी जुळते. आझाद हिंदकडे गेलेल्या माणसाच्या घरी ब्रिटिश सरकारकडून येणारी मनिऑर्डर चालू राहणं अवघड. हा पुरावा नव्हे, पण वजन कुठल्या पारड्यात पडतं ते दिसत होतं.

जहाज कसं सापडलं

ऑस्ट्रेलियाहून निघालेलं, गहू आणि लोकर भरलेलं, हिंदुस्थानी खलाशी असलेलं, रात्री पकडलेलं, आणि नाताळाआधी. एवढ्या खुणा झाल्यावर यादी फार लहान उरते.

१९४० मध्ये जर्मनीची वेषांतर केलेली हल्लेखोर जहाजं हिंदी महासागरात फिरत होती. वरून मालवाहू दिसायची, आत तोफा लपवलेल्या. त्यातलं एक पिंग्विन, कॅप्टन एर्न्स्ट-फेलिक्स क्रूडर. त्याने १८ नोव्हेंबर १९४० च्या रात्री ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचं नौशेरा हे जहाज धरलं. नौशेरा ॲडलेडहून डर्बनमार्गे इंग्लंडला निघालं होतं, जस्ताचं खनिज, गहू आणि लोकर घेऊन. खलाशी बहुतांशी हिंदुस्थानी. जर्मनांनी माणसं उतरवून घेतली आणि जहाज बुडवलं. पुढच्या दोन आठवड्यांत पिंग्विनने मैमोआ, पोर्ट ब्रिस्बेन आणि पोर्ट वेलिंग्टन ही आणखी तीन ब्रिटिश जहाजं घेतली, त्यामुळे कैद्यांची संख्या फार वाढली. मग बरेचसे कैदी श्टोर्श्टाट या पकडलेल्या नॉर्वेजियन तेलवाहू जहाजावर चढवले गेले. ते ४ फेब्रुवारी १९४१ ला फ्रान्सच्या किनाऱ्याला, बोर्दोजवळ जिरोंद नदीच्या मुखाशी पोचलं. त्यावर पाचशेहून जास्त कैदी होते. नाताळ दर्यावर, पाय पसरायला जागा नाही. आत्यांचं वाक्यन् वाक्य या प्रवासाशी जुळत होतं.

इथे एक काळजी घ्यावी लागली. पिंग्विन ८ मे १९४१ ला सेशेल्सच्या उत्तरेला ब्रिटिश क्रूझर कॉर्नवॉलच्या माऱ्यात फुटलं. तेव्हा त्यावर नंतरच्या जहाजांचे दोनशेहून अधिक कैदी होते आणि त्यातले बहुतेक गेले. त्यात क्लॅन ब्युकॅनन या जहाजाचे हिंदुस्थानी खलाशीही होते. पिंग्विनने पकडलं एवढं म्हणून शोध पुरा होत नाही. कुठल्या जहाजावर हलवलं हे तारखांनिशी पाहावंच लागतं. नाहीतर गेलेला माणूस जिवंत धरला जातो आणि जिवंत परतलेला गेलेला.

दुसरा निर्णय: पैसे कुठे खर्चायचे

जहाज कळलं, पण यादीत धाकू आहेत का ते अजून पाहायचं होतं. क्यूच्या कागदांच्या प्रती पैसे भरून मिळतात आणि पेन्शनरच्या खिशाला ते लागतं. तीन गोष्टी मागवता आल्या असत्या. बीटी ३७३ मधली नौशेराची फाइल. बीटी ३८१ मधले जहाजाचे करार आणि खलाशांच्या याद्या, ज्या जहाजाच्या अधिकृत क्रमांकावर लावलेल्या असतात आणि तो क्रमांक लॉइड्स रजिस्टर या जहाजांच्या नोंदवहीच्या स्कॅन केलेल्या पानांत मिळतो. किंवा ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात ठेवलेले ब्रिटिश इंडिया कंपनीचे कागद.

आम्ही फाइलपासून सुरुवात केली. कराराच्या यादीत माणूस जहाजावर चढला एवढं कळतं. कैदेची फाइल पकडल्यानंतरचं सांगते. एकीकडे जिनिव्हाच्या अर्जाची तयारी करून ठेवली, कारण त्यांची खिडकी उघडेल तेव्हाच अर्ज जाणार होता. अर्जात नावाची सगळी संभाव्य रूपं, बापाचं नाव, जहाज, छावणी आणि पत्राच्या तुकड्यावरचा कैदी क्रमांक असं सगळं दिलं.

फाइलच्या प्रती आल्या. कैद्यांच्या यादीत ‘डाको पान्डू, लास्कर, २८, रत्नागिरी’ होते. नातवाने मला फोन केला तेव्हा त्याला बोलता येत नव्हतं.

पण चार ओळी खाली आणखी एक नाव होतं. ‘धोंडू पान्डू, लास्कर, २३, रत्नागिरी.’

पत्राच्या तुकड्यावर होतं ‘डी. पान्डू’. इंग्रजीत दोघांचंही आद्याक्षर तेच.

तिसरा निर्णय: थांबायचं की कोरायचं

प्रकरणातला सगळ्यात कठीण टप्पा हा. शिमगा तीन आठवड्यांवर आला होता. धाकू नौशेरावर होते, जर्मनांच्या हाती पडले, एवढं सिद्ध झालं होतं. ते मिलागला पोचले याचा पुरावा म्हणून घराकडे होता तो तुकडा, आणि तो त्यांचाच आहे हे आता खात्रीने म्हणता येत नव्हतं.

मंडळाचं म्हणणं साधं होतं. माणूस कैदी होता, जर्मनीत होता, तर आझाद हिंद लिहायला हरकत काय? गावाला तेवढा मान हवा आहे. त्यांची भावना खोटी नव्हती आणि मी तसं सांगितलंही. पण जर्मनीतली आझाद हिंद फौज मुख्यतः उत्तर आफ्रिकेत पकडलेल्या हिंदी सैनिकांतून उभी राहिली होती. धाकू तिच्यात गेल्याचं कुठलंच चिन्ह नव्हतं, आणि जी चिन्हं होती ती उलट दिशेची. दगडावर कोरलेलं वाक्य पन्नास वर्षांनी पुरावा म्हणून वाचलं जातं. ज्या घरांतली माणसं खरोखर त्या फौजेत गेली त्यांच्यावरही तो अन्याय.

नातवापुढे तीन पर्याय होते. आझाद हिंदचा मजकूर जाऊ द्यायचा. ‘जर्मन कैदेतले खलाशी’ असं लिहून मोकळं व्हायचं. किंवा खांब कोरा ठेवून जिनिव्हाची वाट पाहायची. त्याने आत्यांना विचारलं. आत्या म्हणाल्या, ‘बा खोटं बोलत नव्हते, त्यांच्या नावाने तुम्ही बोलू नका.’ खांब कोरा राहिला. उद्घाटन ठरल्या दिवशी झालं. मंडळातल्या दोघा-तिघांनी त्या दिवशी नातवाशी बोलणं टाळलं, हे त्याला बरेच दिवस लागलं होतं.

जिनिव्हाचं उत्तर

उत्तर यायला पावसाळा उलटला. दोघांच्याही नोंदी होत्या.

धाकू: नौशेरावरून पकडलेले, फ्रान्समार्गे झांडबोस्टेल, पुढे मिलाग नोर्ड. धोंडू: तोच मार्ग, तीच छावणी. कैदी क्रमांक वेगवेगळे. घरातल्या तुकड्यावरचा क्रमांक धोंडूंचा निघाला.

म्हणजे आजोबांच्या बाबतीत घराचा दावा बरोबर होता, पण ज्या कागदाच्या आधारावर तो उभा होता तो कागद त्यांचा नव्हताच. तीन पिढ्यांनी दुसऱ्याच माणसाचं पत्र आपलं म्हणून जपलं होतं.

ते या घरात कसं आलं याचा उलगडा आत्यांच्या पहिल्या मुलाखतीतच होता, तेव्हा त्याकडे लक्ष जाण्याचं कारण नव्हतं. ‘पत्रं कोण वाचायचं?’ या प्रश्नावर त्या म्हणाल्या होत्या की धाकूंचे थोरले भाऊ मुंबईच्या गोदीत कारकुनी करून परतले होते, त्यांना इंग्रजी येई, म्हणून आजूबाजूच्या वाड्यांतले लोक बोटीवरची पत्रं त्यांच्याकडे वाचून घ्यायला आणत. धोंडूंची आईही येत असणार. एक पत्र इथेच राहिलं.

आता तुकडा प्लायवूडवरून सोडवायचा निर्णय घेतला. हे काम मुंबईत कागद-संवर्धन करणाऱ्याकडेच दिलं. घरी पाण्याने, वाफेने काही करू नका, असं मी हात जोडून सांगितलं होतं. मागच्या बाजूला पत्राच्या शेवटच्या ओळी होत्या, निम्म्या अस्पष्ट. दुसऱ्या कुणीतरी इंग्रजीत लिहून दिलेल्या. त्यात थोरल्या भावांचं नाव आणि ‘आईला वाचून दाखवा’ अशा अर्थाचे शब्द लागले. शंका उरली नाही.

धोंडूंचं घर शेजारच्या वाडीत सापडलं. त्यांच्या पुतण्याचा मुलगा तिथे राहतो, आंब्याचं काम करतो. धोंडू बोटीवर होते एवढंच त्याला माहीत होतं. ते युद्धात कैदी होते, बर्फात राहिले, आईला पत्र लिहीत होते, यातलं काहीच त्या घरात पोचलेलं नव्हतं. धोंडू परत आले होते, लग्न केलं नाही, फार बोलत नसत, आणि १९६० च्या आसपास वारले. नातवाने मूळ तुकडा त्यांच्याकडे दिला आणि स्वतःकडे प्रत ठेवली. हा निर्णय त्याने एका दिवसात घेतला. त्याच्या चुलतभावांना तो आजही पटलेला नाही. मला तो पूर्ण योग्य वाटतो.

निष्पत्ती

कोऱ्या खांबावर आता दोन नावं आहेत. मजकूर असा: ‘धाकू पांडू व धोंडू पांडू, व्यापारी जहाज नौशेरावरील खलाशी. १८ नोव्हेंबर १९४० पासून जर्मन कैदेत. मिलाग नोर्ड छावणी.’ मंडळाने तो एकमताने मान्य केला. आधी नाराज असलेल्यांपैकी एकाने कोरण्याचा खर्च उचलला.

सुटकेचं साल दगडावर घातलं नाही. वेस्टरटिम्केची छावणी एप्रिल १९४५ च्या अखेरीस ब्रिटिश गार्ड्स आर्मर्ड डिव्हिजनने मुक्त केली. पण हे दोघे त्या दिवशी छावणीतच होते असं म्हणणारा कागद हाती नाही, आणि इंग्लंडहून मुंबईला ते कुठल्या जहाजाने आले तेही सापडलेलं नाही. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिस या हिंदुस्थानचा कारभार पाहणाऱ्या जुन्या ब्रिटिश कचेरीच्या आर्थिक खात्याच्या दप्तरात हिंदुस्थानी खलाशांविषयीच्या फायली आहेत. पुढचा शोध तिथे.

नौशेराच्या यादीत रत्नागिरीची आणखी नावं आहेत, काहींपुढे गावही आहे. ती यादी सरसकट पसरवायची नाही असं नातवाने ठरवलं. जी गावं ओळखू येतात तिथे तो स्वतः जाऊन घरं शोधतो आणि आधी घरच्यांना दाखवतो.

काय वेगळं करता आलं असतं

तुकडा सोडवायचं काम अगदी सुरुवातीला करता आलं असतं. मागे मजकूर असण्याची शक्यता होतीच. खर्च आणि कागद फाटायची भीती म्हणून ते मागे पडलं. आधी केलं असतं तर ‘डी. पान्डू’चा गुंता शिमग्याआधी सुटण्याची बरीच शक्यता होती. असा कागद घरात असेल तर त्याला लॅमिनेशन करू नये, पाटीवर चिकटवू नये. दोन्ही बाजूंचे फोटो काढावेत आणि आम्लविरहित कागदाच्या पाकिटात सपाट ठेवावा.

आत्यांचं बोलणं ध्वनिमुद्रित होतं, पण त्याचं लेखी टिपण बरंच उशिरा झालं. पत्रवाचनाचा तपशील कागदावर उतरला असता तर यादीत दोन ‘पांडू’ दिसल्याबरोबर तो डोळ्यांत भरला असता.

मंडळाला सुरुवातीलाच सोबत घ्यायला हवं होतं. त्यांना निर्णय कळवला गेला, शोध दाखवला गेला नाही. नौशेराची फाइल आली त्या दिवशी ती पानं मंडळाच्या बैठकीत पसरली असती तर खांब कोरा ठेवण्याचा निर्णय त्यांचाही झाला असता.

जहाजावरून शोधायचा मार्ग मात्र पुन्हा तसाच घ्यावा. ज्यांच्या घरी फक्त ‘आजोबा बोटीवर होते, युद्धात धरले गेले’ एवढंच आहे, त्यांनी नावाच्या मागे लागण्याआधी बोटीत काय भरलं होतं, कुठून निघाली होती, कुठल्या महिन्यात आणि दिवसा की रात्री, हे घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारावं. माणूस परतला नसेल तर राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाची ऑनलाइन यादी आधी पाहावी. समुद्रात गेलेल्या हजारो हिंदुस्थानी व्यापारी खलाशांची नावं मुंबई आणि चितगाव इथल्या १९३९ ते १९४५ च्या स्मारकांच्या नोंदीत आहेत. तिथेही शोधताना आडनाव टाकू नये. स्वतःचं नाव आणि बापाचं नाव टाकावं, आणि कारकुनाच्या कानाने ऐकून पाहावं.